तपासणीची मजुरी

रिव्हर्सचा सेन्सर चालत नाही म्हणून जी गाडी माझ्याकडे येते, तिच्या मालकानं निदान बहुधा घरूनच करून आणलेलं असतं. "सेन्सर गेलाय, बदलून टाका." मी गाडी आधी तपासायला घेतो आणि बदलायचं काय ते नंतर ठरवतो. ही सवय मला कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये लागली. ज्या विद्येवर आज माझं घर चालतं ती तिथलीच. ज्यांनी ती दिली त्यांना सगळं उद्यमनगर 'मामा' म्हणायचं, मीही तेच म्हणत आलो. मामांचं शिक्षण चौथीपर्यंतचं. त्यांच्याबद्दल कुणी लिहील असं त्यांना कधी वाटलं नसेल, आणि वाटलं असतं तर त्यांनी हसून विषय बदलला असता. तरीही लिहितो, कारण जे घेतलं ते नोंदवून तरी ठेवावं.

मी कळंब्याच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करून बाहेर पडलो होतो. ओहमचा नियम पाठ होता, परीक्षेत गणितं सुटत होती. 230 व्होल्टवर हात बसलेल्या पोराला गाडीच्या 12 व्होल्टचं काय वाटणार? शॉक लागत नाही, म्हणजे काम सोपं, असा माझा हिशेब. घरगुती वायरिंगची कामं रोज मिळत नव्हती, म्हणून ओळखीनं मामांच्या शेडमध्ये जाऊन उभा राहिलो. मामांनी सर्टिफिकेट मागितलं नाही. "मीटर हाय का तुझ्याकडं?" एवढंच विचारलं. मी पिशवीतून डिजिटल मल्टिमीटर काढून दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन बघितला, परत दिला आणि म्हणाले, "चांगला हाय. पर त्येला इचारायचं कसं, ते शिकाय लागंल."

मामांची सगळी हयात अँबॅसिडर, फियाट आणि टेंपोच्या वायरिंगमध्ये गेलेली. डायनॅमो, कटआउट, सेल्फ, हॉर्न रिले यांच्या सावलीत ते वाढले. त्यांच्याकडं टेस्ट लॅम्प होता, घरीच केलेला. होल्डरमध्ये 12 व्होल्टचा लहान बल्ब, एका वायरीला टोचायची सुई, दुसरीला चिमटा. मला तो जुन्या जमान्यातला वाटायचा. माझा मीटर व्होल्टचे दशांशसुद्धा दाखवायचा, त्यांचा दिवा नुसता लागायचा किंवा लागायचा नाही.

पहिला धडा एका टेंपोच्या मागच्या लाइटवर मिळाला. बल्ब मिणमिणत होता. होल्डरमधला बल्ब काढून मी मीटर लावला, 12 च्या वर आकडा आला. करंट पूर्ण येतोय, तेव्हा बल्ब खराब, असं मी सांगितलं. मामांनी काही न बोलता त्याच जागी टेस्ट लॅम्पची सुई लावली. दिवा लाल तारेइतकाच पेटला. मग त्यांनी मला मीटरच्या दोन्ही वायरी तिथंच धरायला लावल्या आणि दिवा लागलेला असताना आकडा वाचायला सांगितला. तो 12 वरून थेट 7 च्या आसपास उतरला होता.

"मीटर खोटं बोलत न्हाई रं," मामा म्हणाले, "पर त्येला जेवढं इचारलंस तेवढंच सांगतंय." मग त्यांनी समजावलं. टाकीच्या पाइपात कचरा अडकला असेल तर नळ बंद असेतो पाण्याचा दाब पुरेपूर लागतो. नळ सोडला की धार करंगळीएवढी. वायरीचं तसंच. आयटीआयमध्ये मी शिकलो होतो की डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध साधारण 10 मेगाओहम असतो. त्यामुळे मीटरमधून करंट जवळजवळ वाहतच नाही, आणि वीस तारांतली एकच तार शाबूत असली तरी आकडा पूर्ण येतो. हे वाक्य मी उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं. त्याचा अर्थ काय होतो ते मला त्या टेंपोमागं उकिडवं बसल्यावर कळलं.

पुढं मामांनी अर्थिंगची बाजू दाखवली. बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट त्या दिव्याच्या अर्थिंगपर्यंत मीटर लावायचा आणि लोड चालू ठेवायचा. चांगल्या जोडात 0.1 व्होल्टसुद्धा भरत नाही. अर्धा-एक व्होल्ट दिसला, की बॉडीवरचा स्क्रू सोडून खाली गंज बघायचा. मामांना 'व्होल्टेज ड्रॉप' हे नाव माहीत नव्हतं. "वाटंत किती खाल्लं ते बघ," असं ते म्हणायचे. आज मी मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये हीच चाचणी वाचतो, तेव्हा मला इंग्रजी मजकुराखाली मामांचं वाक्य ऐकू येतं.

रिव्हर्स सेन्सर आमच्याकडं आधी ॲक्सेसरी म्हणून आले. चार डोळ्यांचं किट, एक कंट्रोल बॉक्स, एक बझर. गाडीची नवी आवड असलेले लोक बाजारातून किट आणायचे. आम्ही बंपरला होलसॉनं 22 मिलिमीटरची भोकं पाडून ते बसवायचो. कंट्रोल बॉक्सला करंट रिव्हर्स लाइटच्या वायरीतून. रिव्हर्स गिअर पडला, की गिअरबॉक्सवरचा स्विच दिवा लावणार आणि त्याच्याबरोबर सेन्सर जागे होणार. मामांनी पहिलं किट बसवलं आणि ते बराच वेळ बंपरला कान लावून बसले. मला वाटलं, काही पडलं की काय.

ते ऐकत होते. इंजिन बंद, इग्निशन चालू, चाकाला दगड, गिअर रिव्हर्सला. प्रत्येक सेन्सरमधून बारीक टिकटिक येत होती. त्यांनी माझं बोट एकावर ठेवलं, तीच टिकटिक बोटाला लागली. सेन्सर ज्या ध्वनीवर काम करतो तो माणसाच्या कानाच्या बाहेरचा, साधारण 40 ते 58 किलोहर्ट्झचा. आपल्याला 20 च्या वर ऐकू येत नाही. पण तो ध्वनी सलग न येता ठोक्याठोक्यानं सुटतो, आणि त्या ठोक्यांची टिकटिक कानाला कळते. मामांना किलोहर्ट्झ माहीत नव्हतं. जो टिकटिकत नाही तो एकतर उपाशी आहे किंवा मेलेला, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. आजही सेन्सरची गाडी आली की बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावण्याआधी मी बंपरशी वाकतो. चारपैकी कोण गप्प आहे हे अर्ध्या मिनिटात कळतं. चारही गप्प असतील तर सेन्सर बघण्यात वेळ घालवायचा नाही. फ्यूज, रिव्हर्सचा स्विच, कंट्रोल बॉक्सचा करंट आणि अर्थिंग बघायचं.

सेन्सरच्या आत काय असतं ते मी नंतर वाचून काढलं. ॲल्युमिनियमच्या पातळ पडद्याला आतून चिकटवलेली पीझो सिरॅमिकची चकती. तिला वीज दिली की ती थरथरते, आणि बाहेरून थरथर आली की ती वीज देते. बोलणं आणि ऐकणं दोन्ही तिचंच. हवेत ध्वनी सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणून एक मीटरवरच्या भिंतीला आपटून परत यायला त्याला जवळपास 6 मिलिसेकंद लागतात. कंट्रोल बॉक्स तेवढा वेळ मोजतो आणि त्यावरून अंतर काढतो. ओरडून झाल्यावर पडदा क्षणभर थरथरत राहतो, त्यामुळे अगदी चिकटून असलेली वस्तू त्याला नीट कळत नाही. म्हणून साधारण 30 सेंटिमीटरच्या आत आलं की बझर सलग वाजतो. तिथं गाडी थांबवायचीच.

दाबानं स्फटिकात वीज तयार होते हे पिअर क्युरी आणि त्यांचे भाऊ जाक यांनी 1880 मध्ये दाखवलं. पिअर यांचे विद्यार्थी पॉल लान्जव्हँ यांनी पहिल्या महायुद्धात क्वार्ट्झच्या स्फटिकातून पाण्यात अश्राव्य ध्वनी सोडून पाणबुड्या शोधण्याचं तंत्र उभं केलं. हे मी एका दुपारी चहा पिताना मामांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे शोधणारा मास्तर येगळा, आणि वापरणारा शिष्य येगळा?" मी हो म्हणालो. "मग बरोबर हाय," म्हणाले आणि कामाला उठले. त्या वेळी मला ते नुसतं कुतूहल वाटलं. मामांना त्यात आपल्या शेडची रीत दिसली होती, हे मला फार उशिरा उमगलं.

1 जुलै 2019 पासून देशात बनणाऱ्या प्रत्येक नव्या कारला रिव्हर्स पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण आणि 80 च्या वर वाजणारा वेगाचा बझर त्याच नियमात आले. आमच्यासाठी याचा अर्थ असा, की हौसेची वस्तू आता प्रत्येक गाडीच्या पोटात जाणार. पुढच्याच महिन्यात, ऑगस्टमध्ये, पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्याची धोक्याची पातळी 43 फूट, पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवे बंद पडला. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीपासून कितीतरी पेठांतल्या गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या.

पूर ओसरल्यावर इंजिनवाल्यांकडं गर्दी झाली. आमच्याकडची गर्दी काही महिन्यांनी सुरू झाली, कारण वायरिंगचा रोग उशिरा बाहेर पडतो. त्यातली एक गाडी मला अजून नीट आठवते. मागचा उजवीकडचा आतला सेन्सर कधी चालायचा, कधी नाही. रिव्हर्स टाकला की एक लांब बीप वाजून सगळी यंत्रणा बंद पडायची. दुसरीकडं कुठंतरी तो सेन्सर बदलूनही झाला होता. स्कॅनर त्याच सेन्सरचं सर्किट ओपन असल्याचं सांगत होता. माझा कल सेन्सर पुन्हा मागवण्याकडं होता.

मामांनी तो सेन्सर काढून शेजारच्या जागी लावायला सांगितला आणि शेजारचा इकडं. गाडी फिरवून आणली. बिघाड जुन्या जागीच राहिला. म्हणजे दोन्ही सेन्सर शुद्ध, दोष वाटेत. त्या गाडीत सेन्सरला तीन वायरी होत्या: करंटची, अर्थिंगची आणि निरोपाची. मी मीटरवर ओहम लावून तिन्ही तपासल्या, तिन्हींचा रोध जवळपास शून्य. "वायर चांगली हाय," मी म्हणालो. मामा नुसते माझ्याकडं बघत राहिले, आणि मला टेंपो आठवला. ओहम मोजताना मीटर इतका किंचित करंट सोडतो की एका तारेवरही त्याचं भागतं.

मग त्यांनी दोन्ही टोकांचे कपलर सोडवले. एका बाजूनं बॅटरीचा करंट, दुसऱ्या बाजूला टेस्ट लॅम्प, मध्ये फक्त ती वायर. दोन वायरींवर दिवा लख्ख लागला. तिसरीवर पिवळा पडला, आणि मी बंपरचा कोपरा हलवला तेव्हा विझला. कपलर वरून स्वच्छ होता. त्याच्यापासून वीतभर आत इन्सुलेशन चिरलं तर आत तांब्याच्या जागी हिरवी-काळी भुकटी आणि दोन-तीन तारा. पुराचं पाणी कपलरमधून शिरलं होतं आणि तारांच्या फटीतून केशाकर्षणानं आत चढत गेलं होतं. मामांनी चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर मागं कापली. नवा तुकडा डाग देऊन जोडला, त्यावर हीट श्रिंक बसवली. शेवटी कपलरच्या अलीकडं वायरीला खाली एक झोल दिला, पुढच्या पावसात पाणी कपलरकडं न जाता तिथूनच ठिबकून पडावं म्हणून. तो झोल कोणत्याही पुस्तकात मला तोवर भेटला नव्हता.

त्या गाडीनं मला पुढच्या सगळ्या कामाची रीत दिली. स्कॅनरवरचा कोड सर्किटबद्दल बोलतो. सर्किटमध्ये सेन्सर, दोन कपलर, वायर आणि मॉड्यूल, म्हणजे कंट्रोल बॉक्स, असे सगळे असतात. प्रत्येक चाचणी अशी निवडायची, की संशयितांतले निम्मे एका झटक्यात सुटावेत. सेन्सरची अदलाबदल ही त्यांतली सर्वांत स्वस्त चाचणी आहे, आणि एका सेन्सरची तक्रार असेल तेव्हा मी ती आधी करतो.

नवं शिकण्यात मामांनी मला कधी अडवलं नाही. स्कॅनर घेण्याइतके पैसे माझ्याकडं नव्हते तेव्हा निम्मे त्यांनी दिले. "मला ते वाचता येत न्हाई, तू वाच आणि मला सांग," म्हणाले. मॉड्यूलच्या नाजूक वायरीत टेस्ट लॅम्पची सुई टोचली तर तो जास्त करंट ओढेल आणि मॉड्यूल जळू शकेल, हे मी वाचून आलो होतो. ज्या माणसानं त्या दिव्यावर आयुष्य काढलं त्याला हे सांगायला जीभ रेटेना. शेवटी सांगितलं. मामांनी कारण विचारलं, समजून घेतलं, आणि त्या दिवसापासून दोन्ही टोकं सोडवल्याशिवाय त्या वायरींना दिवा लावला नाही. शिष्याकडून आलेली गोष्ट इतक्या सहज घेणं मला अजून जमत नाही.

तसंच कॅनच्या जोडीचं. गाडीतल्या मॉड्यूलना एकमेकांशी बोलायला दोन पिळलेल्या वायरी असतात. बॅटरी सोडून त्यांच्यामध्ये रोध मोजला तर तो साधारण 60 ओहम यायला हवा. मामांनी 60 च का, असं विचारलं. दोन टोकांना 120 चे दोन रोध असतात, असं मी सांगताच माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ते म्हणाले, "शेजारी-शेजारी लावल्यात, म्हणून निम्मं. आणि 120 दिसलं तर एका टोकाचं तुटलं." मला वर्गात हे समजायला जितका वेळ लागला होता, त्याची आठवण मी त्यांना सांगितली नाही.

पार्ट बिघडलेलाच नसतो तेव्हा काय करायचं हेही त्यांनीच शिकवलं. एका गिऱ्हाइकाचा सेन्सर स्टँडजवळ विनाकारण वाजायचा. तिथं एसटीच्या एअर ब्रेकची हवा सुटते. त्या फुसकाऱ्यात सेन्सरच्या पट्ट्यातला ध्वनीही असतो, आणि सेन्सर त्याला प्रतिध्वनी समजतो. दुसऱ्या एकाचा बंपर ठोकरल्यावर लांबी भरून जाड रंगवला होता. रंगाच्या थराखाली पडदा नीट थरथरत नव्हता, आणि सेन्सरभोवतीची रबरी रिंग बसवायची राहिली होती. अशा कामात नवा पार्ट विकला जात नाही. मामा गिऱ्हाइकाला बोलावून खरं कारण सांगायचे आणि बघण्याची मजुरी मागायचे. "पार्टवर कमवायला बसलास की डोळं पार्टच शोधत्यात," हे त्यांचं मत. कारण सापडलं नाही तर तेही स्पष्ट सांगायचे, आणि मग मजुरी घ्यायचे नाहीत.

गाडी परत देताना ते स्वतः तिच्या मागून एक फेरी मारायचे आणि मालकालाही मारायला लावायचे. सेन्सर जमिनीपासून साधारण दीड-दोन फुटांवर बसतो. बारीक खांब, बुटका दगड, ध्वनी गिळणारं कापड, खाली बसलेलं लहान मूल यांची खात्री तो देत नाही. चांगला चालणारा सेन्सर हातात दिल्यावरच हे सांगणं जास्त गरजेचं, असं ते म्हणत, कारण तेव्हाच माणूस मागं बघायचं सोडतो. हे वाक्य मीही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. काहीजण कंटाळतात.

आता मामांची नजर बारीक वायरीवर ठरत नाही, ते गावाकडं असतात. निम्म्या स्कॅनरचे पैसे मी परत करायला गेलो तर त्यांनी घेतले, मोजले आणि खिशात ठेवले. "ह्यो हिशेब फिटला," म्हणाले. बाकीच्या हिशेबाचं मी काही बोललो नाही, कारण तो पैशांत मांडता येण्यासारखा नाही.

माझ्या बिलावर आज 'तपासणी' ही ओळ वेगळी असते, पार्टच्या किमतीच्या वर. कामाला असलेली पोरं सुरुवातीला त्या ओळीवरून गिऱ्हाइकांशी बोलायला लाजतात. मी त्यांना आधी बंपरला कान लावायला शिकवतो, मग दिवा, मग मीटर, आणि स्कॅनर शेवटी. कुणी विचारलं की हा क्रम कुणी ठरवला, तर मी मामांचं नाव आणि गाव सांगतो. सवड असेल त्याला त्यांच्याकडं धाडूनही देतो.